उसना क्रम, ताजें गाणें

गवई गेल्यावर त्याचें गाणें मागें कसें उरावें, हा प्रश्न रसिकांना नवा नाहीं. अमेरिकेंतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाच्या चाहत्यांपुढें तो १९९५ सालीं उभा राहिला. त्या वर्षीं प्रमुख गिटारवादक जेरी गार्सिया निवर्तले आणि तीस वर्षें चाललेला वृंद थांबला. या वृंदानें दोन हजारांहून अधिक जलसे केले; परंतु एक जलसा दुसऱ्यासारखा नसे, कारण तेंच गीत दर वेळीं निराळ्या वाटेनें विस्तार पावे. म्हणूनच चाहते जलसे ध्वनिफितींवर टिपून घेत. १९८४ सालीं तर वृंदानें त्यांच्यासाठीं स्वतंत्र जागाच राखून दिली.

१९९७ सालीं शिकागो येथें 'डार्क स्टार ऑर्केस्ट्रा' निघाला. हा वृंद बहुतेक वेळां जुन्या एखाद्या जलशाचीं गीतें त्याच क्रमानें सादर करतो आणि मूळ तारीख अखेरीस सांगतो. जुना चाहता आरंभापासूनच ती ताडूं लागतो. मंचावर एकच ड्रमवादक दिसला, कीं त्याचा तर्क बहुधा १९७१ ते १९७४ या काळाकडे धांवतो. कारण तेव्हां दुसरा ड्रमवादक वृंदाबाहेर होता.

पण गीत मध्यावर येतें, गिटार ठरलेली वाट सोडते आणि चाहत्याची पारख तेथें थांबते. पुढचे स्वर त्याच्याजवळच्या कोणत्याहि फितींत नसतात. क्रम उसना असला, तरी विस्तार त्या रात्रीचाच असतो. चीज गुरूची आणि ताना शिष्याच्या, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. गेलेली रात्र फीत राखते. ती मंचावर हुबेहूब वठविली असती, तर मूळ वृंदाचा स्वभावच मोडला असता.