साठ नावं, साठ पट्ट्या

आम्ही कोरेगाव भीमाच्या एका बचत गटातल्या बाया बोलतोय. आज आमच्या लाकडाच्या यंत्राची आणि संक्रांतीच्या एका ऑर्डरीची गोष्ट सांगायचीय. त्या ऑर्डरीत आमचं नाक कापलं जाता जाता वाचलं.

यंत्राचं नाव सीएनसी राउटर. नावाला घाबरू नका. शिलाई मशीनची सुई खालीवर होते आणि कापड आपण सरकवतो. इथं सुईच्या जागी गरगर फिरणारी बारीक बिट असते आणि तीन मोटरी तिला डावी-उजवी, पुढं-मागं, खाली-वर नेतात. कॉम्प्युटरवर काढलेल्या चित्राच्या रेषेवरून ती लाकूड कापत जाते.

असं यंत्र आम्ही पहिल्यांदा पाबळला पाहिलं. पाबळ आपल्याच शिरूर तालुक्यात, शिक्रापूरवरून आत. तिथं डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली रीत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं तिथं फॅब लॅब उभी राहिली, जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. पुण्या-मुंबईत नाही हं, पाबळला! तिथली मुलं यंत्र नुसतं चालवत नाहीत, बनवतातसुद्धा. ते पाहिलं आणि आमच्यातली एक म्हणाली, मग आपण का नाही?

गटाच्या अंतर्गत कर्जातून ४० हजार घेतले. आमच्यातल्या दोघी आणि एकीचा आयटीआय झालेला मुलगा, अशांनी मिळून यंत्र जोडलं. लोखंडी चौकोनी पाइपची चौकट, वर प्लायवूडचा पाट. मोटरी हलवणारा जीआरबीएल नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, चित्र काढायचा इंकस्केपही फुकट. पहिला गोल डबा कापला तर तो अंड्यासारखा आला. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी घराचा पाया आखताना गवंडी करतो तसं केलं, चौकटीचे दोन्ही कर्ण दोरीनं मोजले. ४ मिलिमीटरचा फरक! बोल्ट सैल करून चौकट गुण्यात आणली आणि गोल गोल झाला.

आता ऑर्डर. जवळच्या सोसायटीतल्या एका ताईंना हळदीकुंकवाचं वाण म्हणून किल्ल्या अडकवायच्या ६० पट्ट्या हव्या होत्या. दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटून त्या कंटाळल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर जिची तिची नावं, तीही नुसती कोरलेली नाहीत तर आरपार कापलेली, अक्षरं उभी राहतील अशी. आम्ही हो म्हणून बसलो.

मराठी अक्षरांचं एक बरं असतं. इंग्रजी नाव कापलं की एकेक अक्षर सुटं होतं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली, दोरीवरच्या कपड्यांसारखी, म्हणून सगळं नाव एकसंध राहतं. असं आम्हाला वाटलं होतं. पहिलं नाव कापलं आणि हातात आले तुकडे. काना वेगळा, वेलांटी वेगळी. कॉम्प्युटरमध्ये हे सगळे तुकडे एकमेकांवर नुसते ठेवलेले असतात. आपल्या डोळ्याला एक दिसतात, यंत्र मात्र प्रत्येकाची कड वेगळी कापतं. इंकस्केपमध्ये सगळं निवडून ‘युनियन’ दिलं की एकच कड होते. यंत्र चुकत नव्हतं बरं का, सांगितलं तेच करत होतं.

मग टिंबाचं आलं. मंगल, इंदू, कांता, संगीता. अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेला नसतो, तो कापला की भुशात जातो. टिंब खाली ओढून रेषेला टेकवलं, तेव्हा टिकलं. आणि शिरोरेषा लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच हवी. आडवी धरली तर पॉलिशपेपर मारतानाच नाव मधून तुटतं.

एवढं शिकून २२ पट्ट्या केल्या आणि संक्रांतीला नऊ दिवस असताना त्या केळीच्या सालीसारख्या वाकल्या. वखारीतून आणलेली फळी ओली होती. हाताला कोरडी लागली, आत ओल होती. त्या रात्री कुणालाच जेवण गेलं नाही, कारण हप्ता याच पैशातून भरायचा होता.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून जुने पॅलेट आणले. सणसवाडीच्या कंपन्यांत माल ज्यावर येतो ते पाइन लाकडाचे पाट. लाकूड जुनं, वाळलेलं. परदेशातून आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो. एचटी म्हणजे लाकूड तापवून किडीपासून सोडवलेलं, ते घ्या. एमबी असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नका, चुलीतही घालू नका. खिळे काढल्यावर फळीवरून लोहचुंबक फिरवा. आम्ही फिरवला नाही, दोन बिट मोडल्या.

आणि लाइट! नाव अर्धं कापून झालं की हमखास जायची. लाइट आली तरी आपण कुठं होतो ते यंत्राला आठवत नाही. म्हणून पाटाच्या एका कोपऱ्यात आम्ही कायमची खूण केलीय, तिथून पुन्हा मोजून सुरुवात करायची.

लोक विचारतात, यंत्रानं केलं तर हातचं कसं? एका पट्टीला यंत्र २५ मिनिटं घेतं. रंधा, पॉलिशपेपर आधी १२० मग २२० नंबरचा, अक्षरांच्या पोटातली कुसळं काढणं, जवसाचं तेल, हूक, यात आमचे सव्वा तास जातात. आधी आम्ही लाकूड आणि लाइटबिल धरून १२० रुपये सांगत होतो, म्हणजे सव्वा तास फुकट. आता वेळ लिहून ठेवतो आणि २२० घेतो. घासाघीस होते, होऊ दे. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

ऑर्डर आदल्या रात्री अकराला पुरी झाली. साठच्या साठ नावं आमच्यातल्या एकीनं कापली. तिचे मालक गेले त्याला चार वर्षं झाली. पट्ट्या पोचवायला आम्ही गेलो, हळदीकुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला. ती आली नव्हती आणि का आली नाही, हे आम्हाला परत येताना रिक्षात सुचलं. बायांनो, आमच्या गटात आता सगळ्या एकमेकींना कुंकू लावतो. पण ते त्या दिवसानंतर, आधी नाही.

उरलेल्या तुकड्यातून तिनं एकसष्टावी पट्टी केली, स्वतःच्या नावाची. तिच्या नावातही टिंब आहे. यंत्राच्या खोलीची किल्ली त्याच पट्टीवर असते.

यंत्र बघायचं असेल तर बुधवारी दुपारी या. केस घट्ट बांधून, पदर किंवा ओढणी खोचून, बांगड्या काढून या. हातमोजे नकोत, फिरत्या बिटमध्ये अडकतात. भुशासाठी चांगला मास्क आणा, नुसता पदर तोंडाला धरून भागत नाही. बारीक भुसा वर्षानुवर्षं नाकात गेला तर कॅन्सर होऊ शकतो. आणि तुमचं नाव कागदावर नीट लिहून आणा, टिंबासकट.