सांकवाळचे दास्यपत्र

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावरील दाट रानात, कुंभारवाडा नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून जाणारा रस्ता अणशी घाट उतरून कद्र्याकडे आणि पुढे काळी नदीच्या सोबतीने कारवारच्या समुद्राकडे जातो. गावाचे नाव कानी पडताच बायबल वाचणाऱ्यास यिर्मया संदेष्ट्याचे स्मरण होते. परमेश्वराच्या आज्ञेने तो कुंभाराच्या घरी गेला. चाकावरचे भांडे बिघडलेले त्याने पाहिले आणि त्याच मातीचे दुसरे भांडे कुंभाराने घडविले, तेही पाहिले. भक्ताने देवाच्या हाती मातीसारखे व्हावे, असा बोध त्या प्रसंगातून घेण्याची चाल फार जुनी आहे. गोरोबाकाकांच्या महाराष्ट्राला तर ही उपमा परकी वाटण्याचे कारणच नाही.

तथापि या उपमेत एक उणीव आहे. मातीला कोणी विचारीत नाही. तिला खणतात, भिजवितात, तुडवितात. तिच्या संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. या तालुक्यातील लोकांस हा भेद समजावून सांगावयास नको. काळी नदीवर सुपे येथे धरण झाले आणि तालुक्याचे जुने ठाणे असलेले सुपे गाव, आसपासच्या खेड्यांसह, पाण्याखाली गेले. लोकांनी घरे सोडली, शेते सोडली, देवस्थाने सोडली. तो त्याग लहान नव्हता. परंतु त्याला समर्पण म्हणता यावयाचे नाही. जे घेतले जाते ते निराळे आणि जे दिले जाते ते निराळे. ख्रिस्ती धर्मात ज्याला संपूर्ण आत्मसमर्पण म्हणतात ते या दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि त्याचा दाखला शोधावयास फार दूर जावे लागत नाही. अणशी घाटाच्या पायथ्याशी जी किनारपट्टी पसरली आहे, तिच्यावरून 1681 साली गोव्याचा एक तरुण धर्मगुरू दक्षिणेकडे गेला. त्याचे नाव जोसेफ वाझ.

21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील बाणावली या गावी, आपल्या आजोळी, त्यांचा जन्म झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घराणे ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणांचे, खातेपिते आणि प्रतिष्ठित. जुन्या गोव्यात त्यांचे उच्च शिक्षण झाले आणि 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा होताच त्यांनी पादत्राणे टाकली. गरिबांच्या पायांत वहाणा नाहीत, तर आपल्याही पायांत नकोत, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. पुढे सांकवाळास त्यांनी मुलांना लॅटिन शिकविण्यासाठी शाळा काढली. येथपर्यंतचे चरित्र अनेक सज्जन धर्मगुरूंचे असते तसेच आहे.

त्यानंतर 5 ऑगस्ट 1677 हा दिवस आला. सव्वीस वर्षांच्या या धर्मगुरूने एक कागद लिहिला. त्यात त्यांनी स्वतःला पवित्र मारियेचा कायमचा दास म्हणून लिहून दिले. त्या दानाला कोणतीही अट नव्हती आणि ते परत घेण्याचा मार्गही त्यांनी ठेवला नाही. हेच त्यांचे प्रसिद्ध दास्यपत्र. मातेच्या द्वारे पुत्राला सर्वस्व अर्पण करण्याच्या या भक्तीचा मोठा प्रवक्ता म्हणून युरोपात फ्रेंच धर्मगुरू लुई द मोंफोर यांचे नाव घेतात. सांकवाळात हा कागद लिहिला गेला तेव्हा मोंफोर चार वर्षांचे बालक होते, हे जाता जाता सांगून ठेवणे अनुचित होणार नाही.

आजच्या वाचकाला या कागदातील ‘दास’ हा शब्द अलंकारिक वाटण्याचा संभव आहे. ‘दासानुदास’ अशी सही करणारे पुष्कळ असतात. त्यांपैकी कोणी पाणी भरावयास जात नाही. परंतु सतराव्या शतकातील गोव्यात हा शब्द अलंकार नव्हता. त्या शहरात गुलामांचा बाजार होता. आफ्रिकेतून आणि आशियाच्या नाना भागांतून आणलेली माणसे राजरस्त्यावर लिलावाने विकली जात, आणि परदेशी प्रवाशांनी ते दृश्य आपल्या वृत्तांतांत नोंदवून ठेवले आहे. गुलामाला स्वतःचा वेळ नसतो, मिळकत नसते, मानापमान नसतो, हे जुन्या गोव्याच्या शाळांत शिकलेल्या तरुणाने डोळ्यांनी पाहिले असणारच. ज्या शब्दाची त्या शहरात सर्वांत अधिक अप्रतिष्ठा होती, तोच त्यांनी स्वतःसाठी निवडला. बाजारातील माणसाला विकणारा दुसराच कोणी होता. येथे लिहून देणाराच स्वतःला देत होता.

कागद लिहिणे हे एका दिवसाचे काम. त्याची फेड पुढे तेहतीस वर्षे चालली.

पहिली फेड कानड्यात झाली. होन्नावरपासून मंगळूरपर्यंतचा तो प्रदेश तेव्हा बहुतांशी केळदीच्या राणी चेन्नम्माच्या अमलाखाली होता. तेथील ख्रिस्ती लोक विखुरलेले होते आणि धर्माधिकारावरून मोठा वाद पेटला होता. पोर्तुगालच्या राजाश्रयाखालील गोव्याचे आर्चबिशप एकीकडे आणि रोमने परस्पर नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो दुसरीकडे. कोणाचा संस्कार खरा आणि कोणाचा खोटा, या संशयात सामान्य भाविक भरडून निघत होता. फादर वाझ गेले ते गोव्याचे प्रतिनिधी म्हणून. हाती अधिकारपत्र असताना त्यांनी भांडण वाढविले नाही, दोन्ही पक्षांत समेट घडविण्याची खटपट केली. अधिकार सोडणे हे धन सोडण्याहून कठीण असते. धन टाकलेले संन्यासीही मठाच्या गादीसाठी भांडताना दिसतात. वाझ यांनी तेथे शाळा काढल्या, प्रार्थनामंदिरे उभारली, आणि गुलामगिरीत सापडलेल्या ख्रिस्ती माणसांना पैसे भरून सोडविले. स्वतःला दास म्हणून लिहून देणारा मनुष्य दुसऱ्यांची दास्यातून सुटका करीत होता, यात विसंगती नाही. ज्याने स्वतःची किंमत लावणे सोडले, त्याला दुसऱ्याची किंमत अचूक कळते.

1684 साली ते गोव्यास परतले. पुढल्या वर्षी संत फिलिप नेरी यांच्या पद्धतीवर जीवन जगणाऱ्या स्थानिक धर्मगुरूंच्या लहानशा संघात ते सामील झाले आणि त्यांनीच त्यांना आपले प्रमुख नेमले. तेथे सुखाने आयुष्य गेले असते. परंतु सिंहलद्वीपाची बातमी त्यांना स्वस्थ बसू देईना. डचांनी 1658 पर्यंत तेथील पोर्तुगीज सत्ता मोडून काढली होती, कॅथलिक धर्मगुरूंना बेटातून हाकलून दिले होते आणि त्यांना आसरा देणाऱ्यास कडक शिक्षा ठेवली होती. जवळजवळ तीस वर्षे त्या भाविकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते. मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नव्हता.

1687 साली फादर वाझ मजुराच्या वेषात तुतिकोरिनहून जाफन्यास पोहोचले. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. उतरताच दोघे आजाराने अंथरुणास खिळले. बरे झाल्यावर वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भीक मागत हिंडू लागले. जपमाळ पाहून ज्याचे डोळे भरून येतील तो आपला, ही त्यांची परीक्षा. कुलीन घराण्यातील विद्वान माणूस परमुलखात भिक्षापात्र घेऊन उभा राहिला, तेव्हा त्या दास्यपत्राचे आणखी एक कलम पुरे झाले असे म्हणावे लागते. रात्री ते गुप्तपणे मिस्सा करीत आणि उजाडण्यापूर्वी निघून जात.

1692 साली ते कँडीच्या राज्यात गेले. पोर्तुगिजांचा हेर असा आरोप त्यांच्यावर आला आणि त्यांना बंदिवासात टाकण्यात आले. तेथे त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचे मन निवळले. तो राजा बौद्ध होता. डचांपासून पळालेल्या कॅथलिकांना अखेर त्याच्याच राज्यात अभय मिळाले, ही गोष्ट ख्रिस्ती माणसाने विसरू नये.

1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. राजा आणि श्रीमंत लोक शहर सोडून गेले. आजाऱ्यांना रानात टाकून घरची माणसेही पळाली. फादर वाझ आणि त्यांचा भाचा फादर जोसेफ कार्वाल्यो मागे राहिले. त्यांनी टाकलेल्यांसाठी खोपटी उभारली. रोग्यांना अन्न भरविले, त्यांच्या जखमा धुतल्या, मृतांना मूठमाती दिली. त्या वेळी त्यांनी बौद्ध आणि ख्रिस्ती असा भेद केला नाही. शहर पुन्हा भरले तेव्हा राजाने त्यांना सर्वत्र धर्मकार्य करण्याची मोकळीक दिली. अनेक वर्षांच्या उपदेशाने जे साधले नव्हते ते रोग्याच्या शेजारी बसल्याने साधले.

पुढे गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. 1705 साली आलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस तर सिंहली आणि तमिळ भाषांतील ग्रंथकार म्हणून नावारूपास आले. वाझ यांना बिशप करण्याची गोष्ट निघाली. त्यांनी ती नाकारली. शरीर थकले होते, आजार पाठ सोडीत नव्हते. तरीही ते गोव्यास परतले नाहीत. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला.

तीनशे चार वर्षांनी, 14 जानेवारी 2015 रोजी, पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या समुद्रकिनारी लाखोंच्या समुदायासमोर त्यांना संत म्हणून घोषित केले. सांकवाळच्या जुन्या आरोग्यमातेच्या मंदिराची आज केवळ दर्शनी भिंत उभी आहे. कँडीतील त्यांचे प्रार्थनामंदिर पुढील छळाच्या काळात नष्ट झाले. ज्या ठिकाणी त्यांना पुरले ती जागा नेमकी कोणती, हे कँडीतील कोणासही दाखविता येत नाही.