'झिंगाट' आणि आपली बोली



विसर्जन मिरवणुकीत 'झिंगाट' वाजवावे की नाही, हा वाद आपल्याकडे दरवर्षी रंगतो. २०१६ च्या 'सैराट'मधले हे गाणे अजय-अतुल यांनीच लिहिले, स्वरबद्ध केले आणि गायले. तरुणांना ठेका आवडतो, ज्येष्ठांना शब्द गावंढळ वाटतात. २०१८ मध्ये 'धडक'साठी त्याच चालीवर हिंदी शब्द आले. आता आपली काही मुले तेच गुणगुणतात.

बाप्पासमोर आरती आणि अथर्वशीर्षच शोभते, हे आम्हालाही मान्य. पण गावाकडचे शब्द म्हणून गाणे नाकारायचे, तर खानदेशातून आलेल्या आपल्या आजीची अहिराणीही नाकारावी लागेल. पलसाण्यात आपली मुले शाळेत गुजराती बोलतात, मित्रांत हिंदी. एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ ती विचारतात तेव्हा नाक मुरडू नये, अर्थ सांगावा. विचारणेच थांबले, तर पुढे वाद घालायलाही मराठी उरणार नाही.

मिरवणुकीत काय वाजवायचे ते मंडळ ठरवील. मुलांना शब्द समजावण्याचे काम मात्र आपण सर्वांनी घरी करू या.