वही कुणाच्या घरी?

(सोनई येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



बचत गटाची पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी, हा नियम आपण सहज केलेला नाही. भांडून केलाय. आज त्याच भांडणाबद्दल बोलायचंय. फक्त वही आता मोबाइलमध्ये गेली आहे.

आमच्या कार्यकर्त्यांचा टेलिग्रामवर एक गट आहे. त्यात आम्ही एक बॉट घेतला. बॉट म्हणजे गटात बसलेला यंत्राचा सदस्य. विचारलं की ठरलेलं उत्तर देतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करायचा तर सोबत काय न्यायचं, संरक्षण अधिकारी कुठे भेटतात, महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. रात्री अकराला एखादी बाई दारात येऊन उभी राहते, तेव्हा नवख्या कार्यकर्तीला याचा फार आधार वाटतो. एका ओळखीच्या मुलानं तो फुकट करून दिला आणि स्वतःच्याच कॉम्प्युटरवर चालू ठेवला. आम्ही खूश!

दोन-तीन महिन्यांनी तोच मुलगा कार्यालयात आला. म्हणाला, "ताई, तुमच्या गटातलं सगळं बोलणं माझ्याकडे साठतंय." आम्ही बॉटला गटाचा ॲडमिन करून ठेवलं होतं. ॲडमिन बॉटकडे गटातला प्रत्येक संदेश जातो, त्याला उद्देशून असो वा नसो. आणि घरातून निघून आलेली एक मुलगी कुठल्या गावी, कुणाकडे ठेवली आहे, ते आदल्याच आठवड्यात आमच्यातल्या एकीनं गटात लिहिलं होतं.

मुलगा भला होता म्हणून सांगायला आला. नसता तर? सोनईत हा प्रश्न समजावून सांगायला नको. १ जानेवारी २०१३ ला इथे तीन दलित तरुणांचे खून झाले, ते प्रेमसंबंधावरून. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. कोण कुणाशी बोलतं, कुठे भेटतं, एवढी माहितीसुद्धा जिवावर उठते.

मग आम्ही ठरवलं, बॉट ठेवायचा तर आपल्याच छपराखाली. हे जमतं, कारण बॉट चालवण्याच्या पुष्कळशा आज्ञावली मुक्त आहेत. मुक्त आज्ञावलीची चळवळ १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केली. मागणी साधी होती: आज्ञावली कशी लिहिली आहे ते वाचता यावं, बदलता यावं, शेजाऱ्याला देता यावं. बाजारची मसाल्याची पुडी आणि घरच्या मसाल्याची कृती, एवढाच फरक समजा. कृती हातात असली की त्यात काय पडलंय ते कळतं.

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर कार्यालयात लावला. वीज गेली तर काय, ही माझी पहिली शंका. पण न उचललेले संदेश टेलिग्राम २४ तास धरून ठेवतं. वीज आली की बॉट ते मागून घेतो. जुना बॉट मोडला आणि संस्थेच्या नंबरावरून नवा काढला. त्यासाठी टेलिग्रामचाच एक बॉट किल्ली देतो, अक्षरं-आकड्यांची लांब ओळ. त्याचं नाव बॉटफादर! इथेही बाप आहेच. ती ओळ ज्याच्या हाती, बॉट त्याचा.

नव्या बॉटला ॲडमिन केलं नाही. आता त्याला तिरकी रेघ देऊन लिहिलेल्या आज्ञा आणि त्याला दिलेली उत्तरं एवढंच दिसतं. या आज्ञा रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात, देवनागरी चालत नाही, हे मला अजून खटकतं. कुणी काय विचारलं याची नोंदही आमच्याकडे राहत नाही.

पण फसू नका. पेटी घरात आली तरी रस्ता कंपनीचाच आहे. बॉटशी केलेलं बोलणं टेलिग्रामच्या यंत्रांवरून जातं आणि ते टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतं. व्हॉट्सॲपसाठी ग्लिफिक नावाची मुक्त आज्ञावली आपल्या देशात संस्थांसाठीच तयार झाली, चांगली आहे, पण मध्ये मेटा कंपनी आहेच. मॅट्रिक्सवर सर्व्हरसुद्धा आपला ठेवता येतो. त्याची देखभाल मोठी, आम्हाला अजून झेपलेली नाही. आणि कितीही कुलपं लावा, बॉट गटात बसला की बॉट चालवणाऱ्याला त्याच्यापुढचं सगळं वाचता येतं. म्हणून नाव, गाव, पत्ता बॉटसमोर नाही. ते समोरासमोर. फोन नवऱ्याच्या हातात असतो, तो प्रश्न तर कुठलीच आज्ञावली सोडवत नाही.

शेजारच्या शिंगणापुरात घरांना कुलपं नसतात. युको बँकेनंही २०११ मध्ये तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. त्याच गावात बाईला चौथऱ्यावर चढायला मात्र २०१६ साल उजाडलं, तेही हायकोर्टाच्या आदेशानंतर. कुलूप कुणासाठी आणि कुणाविरुद्ध, हे तिथे जाताना मला नेहमी आठवतं.

आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "ही भानगड पोरांनाच करू द्या." माझं त्यांच्याशी पटलं नाही. दर महिन्याला आज्ञावली अद्ययावत करणं, प्रत काढून ठेवणं, हे हिशेब लिहिण्यापेक्षा अवघड नाही, कंटाळवाणं आहे. आमच्यातल्या दोघींना येतं. एक सासरी गेली, एक आजारी पडली तर बॉट बंद, म्हणून तिसरी हवी आहे.

ती पेटी आज माझ्या पिशवीत आहे, म्हणजे आत्ता बॉट बंद आहे. संध्याकाळी लावला की साचलेले प्रश्न घेईल. ज्यांना उघडून बघायचंय त्यांनी जेवणानंतर थांबा.