गोलंदाजाची बोली

सरकारी नोकरीत लिलाव पाहण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. वाळूचे ठेके, जप्त केलेली वाहने, जंगलखात्याचे सागवान, सारे 'एक वार, दोन वार, तीन वार' या पुकाऱ्यात निकालात निघते. आपण कोणाच्या वाड्याची तुळई व्हावे, हे सागवानाला विचारण्याची पद्धत नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी २०२२ रोजी बंगळूरच्या आयटीसी गार्डेनिया हॉटेलात जो लिलाव झाला, त्यात मात्र क्रिकेटपटू पुकारले जात होते आणि त्यांनाही कोणी विचारीत नव्हते.

इंडियन प्रीमियर लीगचे दहा संघ बोलीला बसले होते. प्रत्येकाला खर्चाची मर्यादा ९० कोटी रुपयांची. ज्यांनी जुने खेळाडू राखले, त्यांची थैली तेवढी हलकी. पहिल्याच दिवशी श्रीलंकेच्या हसरंगाची बोली रंगात आली असता पुकारणारे ह्यू एडमीड्स भोवळ येऊन कोसळले. चारू शर्मा यांना तातडीने पाचारण करण्यात आले आणि बोली पुढे चालू झाली. दीपक चहरची मूळ किंमत २ कोटी. चेन्नईने त्याला १४ कोटींना घेतले. वीस षटकांच्या सामन्यात गोलंदाजाच्या वाट्याला फार तर चार षटके येतात. परंतु अखेरच्या षटकांत फलंदाजाच्या बुंध्यात चेंडू टाकणारा हात दुर्मिळ, म्हणून ही चढाओढ! आणि तो हातही नाजूक. चहर दुखापतीमुळे त्या वर्षी एकही सामना खेळू शकला नाही. जोफ्रा आर्चर त्या हंगामात खेळणार नाही हे ठाऊक असूनही मुंबईने त्याच्यासाठी ८ कोटी मोजले. पुढल्या वर्षी तो पाच सामने खेळला आणि पुन्हा जायबंदी झाला.

मला मात्र किमतीपेक्षा प्रसिध कृष्णाची गोष्ट अधिक विचार करायला लावते. हा बंगळूरचाच मुलगा. प्रसन्न, चंद्रशेखर आणि कुंबळे यांनी ज्या मैदानावर गोलंदाजी केली, ते चिन्नास्वामी मैदान त्या हॉटेलापासून फार दूर नाही. प्रसिध आपल्याच गावात पुकारला गेला आणि १० कोटींना राजस्थानचा झाला. कोठे खेळायला आवडेल, हा प्रश्न त्या दोन दिवसांत कोणालाच पडला नाही.

अमेरिकेतील बेसबॉलमध्येही एके काळी खेळाडू मालकाशी कायमचा बांधलेला असे. १९७५ साली अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन चेंडूफेक्यांच्या बाजूने लवादाचा निकाल लागला आणि ती बेडी तुटली. आज ठरावीक वर्षे सेवा केलेला खेळाडू करार संपताच मोकळा होतो. संघ त्याच्या दाराशी येतात आणि निवड तो करतो. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये मिचेल स्टार्कसाठी कोलकात्याने २४ कोटी ७५ लाख मोजले. पण दुसऱ्या संघाने आणखी एकदा फलक उंचावला असता, तर स्टार्क तिकडे गेला असता. खेळाडू आपण होऊनच नाव नोंदवतात, असे यावर उत्तर देण्यात येते. ते खरे आहे. आम्हीही नोकरीचा अर्ज स्वहस्तेच भरला होता, आणि बदलीचा हुकूम येतो तेव्हा त्याची आठवण करून दिली जातेच. फरक एवढाच, की आमच्या बदलीवर कोणी कोटीची बोली लावीत नाही. थैलीच्या मर्यादेमुळे धनाढ्य संघ सारे खेळाडू बळकावू शकत नाहीत, हा या पद्धतीचा गुण मी नाकारीत नाही. परंतु बरोबरीच्या दोन बोली आल्या, तर अंतिम निवड खेळाडूला करू द्यावी. एवढ्याने कोणाचे दिवाळे निघणार नाही.

पालघरहून रेल्वेने मुंबईला सरावाला जाणारा शार्दूल ठाकूर त्याच बंगळूरच्या लिलावात १० कोटी ७५ लाखांना दिल्लीचा झाला. तेथून तो कोलकात्याला गेला, पुढे ४ कोटींना चेन्नईत परतला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात त्याच्या नावावर कोणी फलकच उचलला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये लखनौचा मोहसीन खान जायबंदी झाला, म्हणून शार्दूलला बोलावणे आले. दुसऱ्याच सामन्यात, हैदराबादविरुद्ध, त्याने ३४ धावांत ४ बळी घेतले.