वार्तापत्र म्हणजे समाजापुढे मांडलेला हिशेब

(शिरोडा येथे सेवाकार्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



काम करावे आणि नावासाठी थांबू नये, हा सेवाकार्याचा जुना संस्कार आहे. प्रसिद्धीपराङ्मुखता हा आपण गुण मानतो. मग संस्थेने वार्तापत्र तरी का काढावे, असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. प्रसिद्धी व्यक्तीची होते; हिशेब मात्र कामाचा द्यावा लागतो. ज्याने पन्नास रुपये दिले, ज्याने आपली रविवारची सकाळ दिली, त्याला त्या देण्याचे पुढे काय झाले हे कळण्याचा अधिकार आहे. वार्तापत्र म्हणजे तो हिशेब. त्यात काय यावे आणि काय येऊ नये, हे याच कसोटीवर ठरवले पाहिजे.

पहिला विचार वाचकाचा. मराठी वृत्तपत्राचे जनक बाळशास्त्री जांभेकर याच जिल्ह्यातील, देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले. त्यातील मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. एतद्देशीयांना नव्या विद्येची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांना येथील लोकांचे म्हणणे कळावे, ही त्यामागची दृष्टी. वाचक निश्चित होता, म्हणून पानाची रचनाही निश्चित झाली.

आपले वाचक तीन आहेत : मदत देणारा, काम करणारा आणि ज्याच्यासाठी काम चालते तो. हाती आलेला प्रत्येक मजकूर या तिघांपैकी कोणासाठी आहे, हे संपादकाने विचारावे. ‘व्यासपीठावर बसलेल्या मान्यवरांसाठी’ असे उत्तर आले, तर तो मजकूर निःसंकोच बाजूला ठेवावा.

मे १९३० मध्ये याच शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या वर्षी सरकारने वृत्तपत्रांवर वटहुकूम लादला, तेव्हा मुंबईत सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रिका गुप्तपणे निघू लागल्या. १९७५ च्या आणीबाणीतही भूमिगत पत्रके अशीच हातोहात फिरली. कागद तुटपुंजा, आणि पत्रक जवळ सापडले तर तुरुंग. अशा पत्रकात हारतुऱ्यांचे वर्णन कोण छापील? काय घडले, कोणाला अटक झाली, पुढे काय करावयाचे, एवढ्यालाच तेथे जागा. आज छपाई सुलभ झाली आणि छायाचित्रे विनासायास मिळतात. म्हणून निवडीची शिस्त सैल होता कामा नये.

मग छापावे काय? आधी जमाखर्च, शिल्लक रकमेसह. नंतर कामाचे पूर्ण वृत्त. ‘नेत्रतपासणी शिबिरास मोठा प्रतिसाद मिळाला’ ही अर्धी बातमी झाली. किती जणांना शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि त्यांपैकी किती जणांची खरोखर झाली, ही उरलेली अर्धी. ठरलेला उपक्रम पार पडला नाही, तर तेही कारणासह छापावे; त्याने संस्थेवरील विश्वास वाढतो. पुढील महिन्यात कोणती गरज आहे, किती माणसे हवीत, हे स्पष्ट लिहावे. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोची लक्षणे आणि जवळच्या आरोग्य केंद्राची वेळ दिली, तर अंक घरोघरी जपून ठेवला जाईल.

वगळावयाचे काय, हेही तितकेच महत्त्वाचे. मदत स्वीकारणाऱ्याचा ओशाळलेला चेहरा छापू नये. वह्या घेणारी मुलगी उद्या त्याच गावात मोठी होणार आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७४ व्या कलमाने, संरक्षणाची गरज असलेल्या बालकांसंबंधीच्या चौकशीचे वृत्त देताना त्यांची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे. कायद्याने ठराविक प्रसंगांपुरते घातलेले हे बंधन आपण सर्वत्र पाळावे. आपण ज्याची सेवा करतो, त्याचा स्वाभिमान हीदेखील आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे.

यावर एक व्यावहारिक आक्षेप येतो : छायाचित्र छापले नाही तर देणगीदार दुरावेल. काही जण दुरावतीलही. तरीही दात्यांची नावे त्यांच्या संमतीने एका यादीत, एकाच आकाराच्या अक्षरांत द्यावीत. शंभर रुपयांचा दाता आणि लाखाचा दाता एकाच ओळीत. शंभर रुपये देणाऱ्याला या संस्थेत आपलेही स्थान आहे असे वाटले, तर तो पुढच्या वर्षी स्वतः येईल आणि शेजाऱ्यालाही आणील. संस्था अशा माणसांवर उभी राहते.

कौतुक मुळीच नको, असे नाही. वर्षानुवर्षे मूकपणे राबणाऱ्याचा गौरव झालाच पाहिजे. परंतु मीठ पानात डावीकडे, चवीपुरते वाढतात, हे मिठागरांच्या या गावाला मी काय सांगावे?

येथे बसलेल्या प्रत्येक संपादकाने पुढचा अंक छपाईला देण्यापूर्वी तो संस्थेशी संबंध नसलेल्या एखाद्या गृहिणीला वाचावयास द्यावा. ‘या लोकांनी काय केले आणि मला काय करता येईल?’ या दोन प्रश्नांची उत्तरे तिला मिळाली, तर अंक साधला. मिळाली नाहीत, तर छपाई आठ दिवस पुढे ढकलावी. उशिरा निघालेला अंक समाज समजून घेतो. पोकळ अंक मात्र तो न वाचताच बाजूला ठेवतो.