थांबणारें घड्याळ

नवें घड्याळ बांधून मनुष्य घरीं येतो, दोन दिवस तें दहा जणांना दाखवितो, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं उठून पाहतो तों काटे पहाटे चारावर येऊन उभे! अशा वेळीं मनांत प्रथम येतो तो राग, आणि तो बहुधा दुकानदारावर असतो. माझाहि तसाच होता. त्या रागाची, आणि त्यांतून मला जें शिकावयास मिळालें त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

माझे वडील बंधू अण्णा यांना पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां आम्हीं घरच्या मंडळींनीं वर्गणी काढून त्यांना एक ऑटोमॅटिक, म्हणजे आपली किल्ली आपणच देणारें, मनगटी घड्याळ घेऊन दिलें. अण्णा पाटबंधारे खात्यांत होते. कालव्यांच्या कांठाकांठानें मैलच्या मैल पायीं हिंडण्यांत त्यांची नोकरी गेली. पेन्शन घेऊन पुण्यास स्थायिक झाल्यावरहि पहाटे उठून पर्वती चढून येण्याचा नेम त्यांनीं वर्षानुवर्षें पाळला. बॅटरीच्या घड्याळाचा त्यांना मनापासून तिटकारा. ज्यांत चक्रें फिरतात तेंच खरें यंत्र, असें त्यांचें मत. त्यामुळें ही भेट त्यांना फार आवडली.

आठवड्याच्या आंत त्यांचा फोन आला. "अरे, तुमचें हें घड्याळ माझ्याहून आळशी निघालें! मी उठतों तेव्हां तें झोपलेलें असतें."

घड्याळ दुकानांत नेलें. दुकानदारानें तें चार दिवस ठेवून घेतलें आणि दोष आढळत नाहीं असें सांगून परत केलें. अण्णांच्या हातीं येतांच दोन दिवसांत पुन्हां बंद. दुसऱ्यांदां नेलें, पुन्हां तोच प्रकार. पुतण्या म्हणाला, "काका, हे लोक आपल्याला सरळसरळ फसवताहेत." मींहि एक खरमरीत पत्र लिहून तयार केलें. परंतु तें टाकण्यापूर्वीं आमच्या पेठेंतील एका वृद्ध घड्याळजींना घड्याळ दाखवावें, असें मनांत आलें.

त्यांनीं तें कानाशीं धरलें, उलटसुलट करून पाहिलें, आणि उघडण्याऐवजीं मलाच विचारलें, "हें बांधणारे गृहस्थ दिवसभर काय करतात?"

प्रश्नाचा रोख मला कळला नाहीं. मीं म्हटलें, "पेन्शनर आहेत."

"पेन्शनर पुष्कळ प्रकारचे असतात," ते हसून म्हणाले. "घड्याळ आजारी आहे कीं उपाशी आहे, हें आधीं ठरवा. आजारी असेल तर दुकानदाराकडे न्या. उपाशी असेल तर तो बिचारा काय करणार?"

घड्याळाचें पोट कसें भरतें हें समजलें म्हणजे या प्रश्नाचें मर्म ध्यानांत येतें. किल्लीच्या घड्याळांत एका लहानशा डबींत पोलादाची लांब, पातळ पट्टी गुंडाळलेली असते. तिला कमान म्हणतात. किल्ली दिली कीं ती आवळली जाते, आणि हळूहळू सैल होतांना चक्रांना गति देते. तोलचक्र त्या गतीला लगाम घालून काळाचे सारखे तुकडे पाडतें. आजच्या पुष्कळ घड्याळांत सेकंदाला सहा किंवा आठ. ऑटोमॅटिक घड्याळांत याहून अधिक काय, तर पाठीमागें अर्धचंद्राच्या आकाराचें एक वजन मोकळें फिरत असतें. हात हलला कीं तें आपल्या भारानें खालीं येऊं पाहतें, आणि त्याच्या फिरण्यानें कमान थोडी थोडी आवळली जाते. तात्पर्य, या घड्याळाला अन्न मिळतें तें बांधणाराच्या हालचालींतून.

ही युक्ति नवी नव्हे. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल गांवचा कारागीर अब्राहम-लुई पेरेले यास तिचें श्रेय सामान्यतः दिलें जातें. तीं घड्याळें खिशांत ठेवावयाचीं असत. पंधरा मिनिटें चाललें असतां असें घड्याळ आठ दिवस पुरेल इतकें भरतें, असें जिनीव्हा येथील कलामंडळानें १७७७ सालीं नमूद केलें. मनगटी घड्याळांत ही योजना आणली ती जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीनें; त्याचें स्विस पेटंट १९२४ सालचें आहे. किल्लीच्या भोकावाटें धूळ व ओल आंत शिरते, तेव्हां तें भोकच नको, हा त्याचा विचार. त्याच्या घड्याळांतील वजन दोन्ही बाजूंच्या अडसरांवर आपटून मागें फिरे. तें पूर्ण वर्तुळांत फिरूं लागलें तें १९३१ सालच्या रोलेक्सच्या रचनेंत. आज बहुतेक ठिकाणीं तीच पद्धत दिसते.

आतां परीक्षेकडे वळूं. पुरती भरलेली कमान सामान्यतः अडतीस ते बेचाळीस तास चालते. कांहीं नव्या घड्याळांत ऐंशी तासहि. आपल्या घड्याळाचा आंकडा सोबतच्या माहितीपत्रकांत पाहून घ्यावा. मग किल्ली बाहेर न ओढतां तिला पुढच्या दिशेनें तीस-चाळीस फेरे द्यावे. कांहीं घड्याळांना पन्नासांहून अधिक लागतात. कमान तुटेल ही भीति बाळगूं नये. पूर्ण भरल्यावर तिचें बाहेरचें टोंक डबीच्या भिंतीवर घसरावें, अशीच या घड्याळांत योजना असते. नंतर तबकडी वर करून घड्याळ टेबलावर ठेवावें, वेळ लिहून ठेवावी आणि त्यास हात लावूं नये. पत्रकांतील आंकड्याच्या जवळपास तें चाललें तर चक्रें, तेल व तोलचक्र यांची प्रकृति उत्तम आहे असें समजावें. दहाबारा तासांतच थांबलें तर तें आजारी आहे. आपल्या टिपणासह दुकानांत न्यावें.

दुसरी परीक्षा वजनाची. घड्याळ पूर्ण थांबूं द्यावें, आणि किल्ली न देतां, चालू होण्यापुरतें हलकेंच हलवून, घरांतील हिंडत्याफिरत्या माणसाच्या मनगटावर दिवसभर बांधावें. रात्रीं तें काढून ठेवावें. सकाळीं चालत असेल तर वजन आपलें काम करीत आहे. थांबलें असेल, तर चक्रें निरोगी असूनहि कमान भरणाऱ्या भागांत दोष असण्याचा संभव आहे. ज्या घड्याळांना हातानें किल्ली देतां येत नाहीं, त्यांची परीक्षा चांगलें फिरणाऱ्या माणसाकडून दोनतीन दिवस बांधवून मगच करावी.

या दोन परीक्षांच्या आधीं एक साधी गोष्ट पाहावी. वेळ लावण्यासाठीं ओढलेली किल्ली पुन्हां आंत दाबली आहे ना? पुष्कळ घड्याळांत ती पूर्ण बाहेर असतांना तोलचक्र मुद्दाम अडविलेलें असतें, म्हणजे सेकंदकाटा थांबवून वेळ बिनचूक लावतां यावी. थांबण्याची वेळहि लिहून ठेवावी. रोज काटे नेमके एकाच ठिकाणीं अडत असतील तर एक काटा दुसऱ्याला घांसत असेल. मध्यरात्रीच्या सुमारास अडत असतील तर तारीख बदलणाऱ्या चक्राचा भार घड्याळास पेलत नसेल. उभें धरल्यावर थांबतें आणि आडवें ठेवल्यावर चालतें, हेंहि आजाराचेंच लक्षण. लोहचुंबकाचा संसर्ग झाला तर मात्र घड्याळ सहसा थांबत नाहीं, पुढें धांवूं लागतें.

कांहीं गोष्टी टाळाव्या. थांबलेल्या घड्याळाला टिचक्या मारूं नयेत. रात्रीं नऊपासून पहाटे तीनपर्यंत तारीख हातानें बदलूं नये. त्या वेळीं तारखेचे दाते आधींच एकमेकांत गुंतलेले असतात आणि मोडण्याचा संभव असतो. मागचें झांकण घरीं उघडूं नये. हमीची मुदत चालू असतांना तर नाहींच. आणि लग्नकार्यापुरतें घालून पुन्हां कपाटांत ठेवलेलें ऑटोमॅटिक घड्याळ दोन दिवसांनीं थांबलें, तर तो दोष नव्हे. तो त्याचा धर्म आहे.

आतां अण्णांच्या घड्याळाकडे येतों. मीं तें शनिवारीं सकाळीं आठ वाजतां चाळीस फेरे देऊन टेबलावर ठेवलें. रविवारीं रात्रीं बाराच्या सुमारास तें थांबलें. म्हणजे चाळीस तास. पत्रकांतला आंकडाहि तितकाच होता. सोमवारीं किल्ली न देतां मीं तें स्वतः दिवसभर बांधलें आणि रात्रीं नऊ वाजतां काढून ठेवलें. मंगळवारीं दुपारीं दोनपर्यंत तें चालू होतें. अण्णांकडे मात्र तें पहाटेपर्यंतहि टिकत नसे, आणि थांबण्याची वेळ कधीं तीन, कधीं चार, कधीं पांच. घड्याळ आजारी नव्हतें. तें उपाशी होतें.

श्रोतेहो, हें कळल्यावर मला समाधान वाटावयास हवें होतें. वाटली ती लाज. दोन वर्षांपूर्वीं आमच्या वहिनी वारल्या. त्यानंतर अण्णांशीं फोनवर बोलणें होई, प्रकृति विचारली म्हणजे "बरें आहे" असें उत्तर येई, आणि आम्हीहि तेवढ्यावर निश्चिंत असूं. त्यांचा पर्वतीचा नेम केव्हां सुटला, हें आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतें. सकाळपासून रात्रीपर्यंत ते आरामखुर्चींत बसून असत, आणि तो डावा हात खुर्चीच्या दांडीवर तसाच पडून असे. आम्हीं दुकानदाराला दोनदां जाब विचारला. अण्णांना एकदांहि विचारलें नव्हतें.

मी घड्याळ घेऊन त्यांच्याकडे गेलों. "अण्णा, यांत दोष नाहीं. हात हलला तरच तें भरतें."

घड्याळाकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हणजे हें माझी चहाडी करतें तर!"

मीं कांहींच उत्तर दिलें नाहीं.

एक दुसरा उपायहि होता. रोज सकाळीं वीसपंचवीस फेरे हातानें दिले कीं मनुष्य खुर्चींतून उठला नाहीं तरी घड्याळ थांबत नाहीं. हा उपाय त्यांना सांगावा कीं नाहीं, याविषयीं माझ्या मनांत चलबिचल झाली. पण वडील भावाशीं लपवाछपवी करणें बरें वाटेना. मीं दोन्ही उपाय सांगितले आणि घरीं आलों.

पर्वती आतां त्यांच्यानें होत नाहीं. सकाळीं पायथ्यापर्यंत जातात, तेथें थोडा वेळ बसतात, आणि भाजी घेऊन परत येतात. पावसाळ्यांत कित्येक दिवस तेंहि होत नाहीं. मग मला फोनवर सांगतात, "आज हातानें भरलें रे." रविवारीं मी जातों, तेव्हां आम्ही दोघे बरोबर निघतों.

तेव्हां आपल्या घरचें नवें घड्याळ थांबूं लागलें तर दोन दिवस धीर धरावा, तें भरून टेबलावर ठेवावें आणि टिपण करावें. तें आजारी निघालें तर दुकानदाराकडे निःशंक जावें; हमी असते ती त्यासाठींच. उपाशी निघालें, तर तें ज्याच्या हातांत आहे त्याची एकदां चौकशी करावी. मीं लिहिलेलें तें पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. तें टाकलें नाहीं, हें फार बरें झालें.